‘वाजवी भाव’ म्हणजे किती? सॉफ्टवेअर पेटंट आणि रॉयल्टीचा तंटा

भाव ठरल्याशिवाय ताग्याला कात्री लावू नये, हे आम्ही कापडवाले पहिल्या वर्षीच शिकतो. कापड फाडून झाल्यावर ‘वाजवी असेल ते द्या’ म्हटले की तंटा ठरलेला. कॉम्प्युटरच्या धंद्यातील मोठमोठ्या कंपन्याही याच कारणाने कोर्टात गेल्या आहेत.

पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला सरकारने ठराविक मुदतीसाठी दिलेला हक्क. दुसऱ्याला तो शोध वापरायचा तर परवाना घ्यावा लागतो व त्याचा मोबदला, म्हणजे रॉयल्टी, द्यावी लागते. मानक म्हणजे सर्वांनी मान्य केलेले माप. एका कंपनीचा मोबाईल दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी जुळतो तो मानकांमुळेच. पण मानक एकदा रुजले की ते सोडून माल विकता येत नाही. मग त्यातील पेटंट ज्याच्याकडे, त्याच्या हाती साऱ्या बाजाराची नाडी येते.

‘जिफ’ या चित्रांच्या प्रकाराचे असेच झाले. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने तो १९८७ साली काढला आणि लोकांनी तो खुला समजून वापरला. परंतु चित्र दाबून लहान करण्याच्या त्यातील पद्धतीचे पेटंट अमेरिकेत १९८५ सालीच मंजूर झाले होते व पुढे ते युनिसिस कंपनीकडे आले. डिसेंबर १९९४ मध्ये जिफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरवर रॉयल्टी लागेल असे जाहीर झाले, तेव्हा एकच ओरड झाली. प्रोग्रॅमरांनी ‘पीएनजी’ हा नवा प्रकार तयार केला. अमेरिकेतील ते पेटंट २००३ साली संपले.

असा घोळ टाळण्यासाठी मानके ठरवणाऱ्या अनेक संस्था पेटंटवाल्यांकडून आधीच लेखी वायदा घेतात : ‘वाजवी दराने व भेदभाव न करता परवाना देऊ.’ वायदा चांगला, पण त्यात आकडा नसतो!

ऑक्टोबर २०१० मध्ये मोटोरोलाने मायक्रोसॉफ्टकडे व्हिडिओ आणि वायफायच्या मानकांतील आपल्या पेटंटांसाठी तयार मालाच्या किमतीच्या सव्वादोन टक्के मागितले. म्हणजे २०० डॉलरच्या यंत्रामागे साडेचार डॉलर. मायक्रोसॉफ्टचे म्हणणे, हा वायदेभंग आहे. वर्षाचा हिशोब चार अब्ज डॉलरांवर जात होता. एप्रिल २०१३ मध्ये सिएटलचे न्यायाधीश जेम्स रोबार्ट यांनी दर ठरवला : व्हिडिओसाठी नगामागे सुमारे अर्धा सेंट, एक्सबॉक्समधील वायफायसाठी सुमारे साडेतीन सेंट. वर्षाला जेमतेम अठरा लाख डॉलर! २०१५ साली वरच्या कोर्टानेही हा निकाल कायम ठेवला. कुठे चार अब्ज आणि कुठे अठरा लाख. आणि दोन्ही बाजूंच्या मते आपलाच भाव ‘वाजवी’.

पेटंटवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. संशोधनाला पैसा लागतो. तो परत मिळणार नसेल तर कोण खर्च करील? पण जो प्रोग्रॅमर आपले सॉफ्टवेअर फुकट वाटतो, त्याने प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी कोठून आणावी? त्याला अर्ध्या सेंटचा दरही परवडत नाही. म्हणूनच इंटरनेटच्या पानांची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००१ साली रॉयल्टीला वाव देणारा मसुदा मांडला तेव्हा कडाडून विरोध झाला, आणि २००४ पासून संस्थेने रॉयल्टीमुक्त धोरण स्वीकारले. भारत सरकारनेही नोव्हेंबर २०१० च्या ई-गव्हर्नन्स धोरणात रॉयल्टी नसलेल्या खुल्या मानकांनाच पसंती दिली.

आपली अनेक मुले आज सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहेत. त्यांनी ध्यानात ठेवावे की भारतात नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट मिळत नसले, तरी माल परदेशी विकताना तिथला कायदा लागू होतो. ‘खुले मानक’ एवढ्या शब्दांवर विसंबू नये. रॉयल्टी आहे की नाही, असल्यास दर किती, कशावर मोजणार, मुदत किती, हे लेखी विचारावे. ज्या वायद्यात आकडा नाही, तो सौदा अजून पक्का झालेला नाही, असेच समजावे.