पण लक्षात कोण ठेवतो?

बाई नोकरीला लागली, घरातली कामे विकत मिळू लागली. तरीही घराचा भार हलला तो बहुधा एका बाईकडून दुसऱ्या बाईकडेच.

संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या लोकलने दादर सोडले की महिलांच्या डब्यात पिशव्या उघडू लागतात. कोणी मेथीची जुडी निवडायला घेते, कोणी मटार सोलते, कोणी शेजारणीच्या ओंजळीत लसणाच्या चार पाकळ्या टाकून ‘एवढ्या सोलून दे गं’ म्हणते. बोरिवली येईपर्यंत रात्रीच्या भाजीची निम्मी तयारी झालेली असते. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठी ‘लेडीज स्पेशल’ सुरू केली. बायकांनी तिचा उपयोग नुसता प्रवासापुरता ठेवला नाही. गाडीतच हळदीकुंकू होऊ लागले, डोहाळजेवणे होऊ लागली, आणि उद्याच्या डब्याची भाजीही तिथेच निवडली जाऊ लागली. त्याच वेळी पुरुषांच्या डब्यात भजन रंगलेले असते, पत्ते पडत असतात किंवा मोबाइलवर सिनेमा चाललेला असतो. मांडीवर वर्तमानपत्र पसरून शेंगा सोलणारा पुरुष तिथे शोधूनच काढावा लागेल.

स्टेशनाबाहेर पडले की पोळीभाजी केंद्र. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे, कुठेही जा, मराठी नोकरदारांची वस्ती आहे तिथे ते हमखास सापडते. एके काळी ‘आमची सूनबाई पोळ्यासुद्धा बाहेरून आणते’ हे वाक्य तक्रार म्हणून बोलले जाई. आता सासूबाईच फोन करून सांगतात, ‘येताना दहा घडीच्या पोळ्या आण, आणि उसळ ताजी असली तरच घे.’ ही काही लहान गोष्ट नव्हे. पोळी हातची हवी, तव्यावरून ताटात यायला हवी, या हट्टापायी किती बायकांच्या संध्याकाळी संपल्या असतील!

पण या केंद्राच्या काउंटरमागे जरा डोकावून पाहावे. कणीक तिंबणारी बाई, लाटणारी बाई, भाजणारीही बाई. मूल शाळेतून सुटल्यावर ज्या पाळणाघरात थांबते ते चालवणाऱ्या काकू. सकाळी भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी. मूल आजारी पडले की गावाहून तातडीने बोलावली जाते ती आजी, आईची आई किंवा वडिलांची आई. आजोबा नातवाला बसथांब्यापर्यंत सोडतात, ही त्यातल्या त्यात नवी आणि सुखाची गोष्ट. बाकी नोकरीला जाताना बाईने जे जे काम खाली ठेवले, ते उचलायला दुसरी बाईच पुढे आली. घरातला पुरुष पोळ्यांचे पैसे द्यायला तयार झाला, आणि ‘मी बायकोला आडकाठी करत नाही’ असे अभिमानाने सांगू लागला.

दहा मिनिटांचा हिशेब

हा नुसता बायकांचा गाऱ्हाण्याचा सूर नाही, सरकारी पाहणीतही तेच दिसते. लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये झाली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे जवळपास पाच तास विरुद्ध दीड तास. त्यातली मेख अशी, की ही सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांची आहे. शंभरातल्या ८१ स्त्रिया असे काम करत होत्या, पुरुष जेमतेम २६. उरलेल्यांचा दीड तासही नाही, शून्य!

पुढची पाहणी २०२४ ची. स्त्रियांची २९९ मिनिटे २८९ वर आली. दहा मिनिटे वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांची ९७ मिनिटेही ८८ वर उतरलेली. बाईच्या अंगावरून उतरलेली ती दहा मिनिटे घरातल्या पुरुषाने उचलली नाहीत, एवढे तरी यातून उघड होते.

२०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच आकडे निकालात नमूद केले होते. दिल्लीत रस्ता अपघातात दगावलेल्या एका दांपत्याच्या भरपाईचा तो खटला होता. पत्नी नोकरी करत नव्हती. तिच्या घरकामाचे मोल धरायचे की नाही, असा प्रश्न होता. धरायचे, असे न्यायालयाने सांगितले. मेल्यानंतर का होईना, हिशेब झाला.

मात्र मिनिटे मोजून न सापडणारे एक काम असते, ते म्हणजे लक्षात ठेवणे. गॅसचे सिलिंडर संपत आले आहे, शनिवारी शाळेत पालकसभा आहे, धाकटीची लस राहिली आहे, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मंगळवारी संपतील, आतेसासूच्या नातवाच्या मुंजीला आहेर काय करायचा. ही यादी ऑफिसात टेबलावरच्या फायलीआड डोक्यात चालू असते. पाळणाघराच्या वहीत आई आणि वडील दोघांचेही फोन नंबर लिहिलेले असतात. मुलाला ताप भरला की काकू फोन लावतात तो आईलाच. वडिलांचे ऑफिस पाळणाघरापासून दोन गल्ल्यांवर असले तरी! आणि आई एका लोकलचा प्रवास करून पोहोचते.

आधी नोकरीच काढून घेत

घर आणि नोकरीचा हा तिढा पूर्वी सोपा करून टाकला होता: बाईची नोकरीच काढून घ्यायची. मुंबईच्या एका औषध कंपनीत पाकिटे भरणाऱ्या आणि लेबले लावणाऱ्या विभागातल्या मुलीने लग्न केले की तिची नोकरी आपोआप संपत असे. लग्न झालेल्या बाईच्या गैरहजेऱ्या वाढतात, असे कंपनीचे म्हणणे. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मोडीत काढला. बाळंतपणाची रजा सोडली तर लग्न झालेली बाई अविवाहितेपेक्षा अधिक गैरहजर राहील असे मानायला आधार नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

परराष्ट्र सेवेतल्या अधिकारी स्त्रीला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे. सी. बी. मुथम्मा या ज्येष्ठ अधिकारी स्त्रीने त्याविरुद्ध दाद मागितली. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणातच नोकरीतून कमी करण्याचा नियम तर १९८१ पर्यंत टिकून होता. तोही सर्वोच्च न्यायालयानेच रद्द केला. आज बँकेत, शाळेत, मंत्रालयात निर्धास्तपणे लग्नाची पत्रिका वाटणाऱ्या मुलीला हे खरे वाटणार नाही, पण तिच्या आजीच्या पिढीने हे पाहिले आहे.

पुढे रजा वाढल्या. १९६१ च्या कायद्याने मिळणारी बाळंतपणाची १२ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक माणसे काम करतात तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता आले पाहिजे, असेही ठरले. चांगलेच झाले. मात्र जिथे कामगार विमा योजना लागू नाही, तिथे रजेतला पगार मालकानेच द्यायचा असतो. मुलाखतीत मुलीला ‘लग्नाचा काय विचार आहे?’ असे गोड आवाजात विचारले जाते, त्याचे एक मूळ इथे आहे. मुलाला हा प्रश्न कोण विचारतो?

खासगी नोकरीतल्या बापाला मूल झाले म्हणून रजा द्यावीच, असा कायदा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा १९९० च्या दशकापासून मिळते. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांपर्यंत रजा घेण्याची मुभा २००८ मध्ये मिळाली. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या आधी ही रजा टाकणाऱ्या आया पुष्कळ. २०१८ च्या अखेरीस ही सवलत पुरुषांनाही दिली गेली, पण कोणत्या? अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. पुरुषाला मुलासाठी ही रजा हवी असेल, तर घरात बायको असता कामा नये! नियम करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसणार. एकट्या बापाची अडचण त्यांना दिसली, हेही खरे. पण बायको असलेल्या बापाला मुलासाठी रजा लागेल, हे त्यांच्या डोक्यातही आले नाही.

‘मदत’ नको, खाते हवे

पुरुष बदललेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तान्ह्या मुलाला लोकांदेखत उचलून घ्यायला लाजणारे वडील आणि आज बाळाचे लंगोट बदलणारे, शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन उभे राहणारे वडील यांच्यात दोन पिढ्यांचेच अंतर आहे. २०२० च्या टाळेबंदीत मावशी येऊ शकल्या नाहीत, तेव्हा अनेक घरांतल्या पुरुषांनी भांडी घासली आणि त्यांची छायाचित्रेही काढून पाठवली. बायकोने घासलेल्या भांड्यांचे छायाचित्र कोणी काढल्याचे ऐकिवात नाही, ते असो. बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघेही घरकाम करताना दाखवले गेले. ते चित्र पाहून वाढणारी मुले अजून शाळेतच आहेत.

अडते ते ‘मदत’ या शब्दापाशी. ‘आमचे हे खूप मदत करतात’ असे बाई कौतुकाने सांगते, तेव्हा काम तिचेच असल्याचे ती कबूल करत असते. मदत करणारा विचारतो, ‘भाजी कुठली आणू? किती आणू? कोथिंबीर आहे का?’ एवढे सांगण्यापेक्षा स्वतःच आणलेली बरी, असे तिला वाटू लागते आणि चार दिवसांत मदत बंद पडते.

ज्या घरांत हे गाडे थोडे पुढे गेलेले दिसते, तिथे कामे वाटलेली नसतात, खाती वाटलेली असतात. दूध आणि भाजी नवऱ्याकडे म्हणजे काय संपले ते बघणे, आणणे, निवडणे, नासले तर बोलणी खाणे, सगळे त्याच्याकडे. मुलांचे दवाखान्याचे खाते त्याच्याकडे असेल, तर लसीची तारीख त्यानेच ध्यानात ठेवायची आणि त्या दिवशी अर्धी रजाही त्यानेच टाकायची. पाळणाघराच्या काकूंना सांगून टाकायचे, की पहिला फोन बाबांना. हे सांगायला पैसा लागत नाही, कायदाही लागत नाही.

यात बाईलाही काही सोडावे लागते, आणि ते तिला जड जाते. नवऱ्याने चिरलेली भेंडी जाडी-भरडी असते. तो ओट्यावर फडके मारतो, पण शेगडीखालून मारत नाही. मुलाच्या वेणीच्या चेंडूसारखी मुलीची वेणी घालून तिला शाळेत धाडतो. अशा वेळी ‘ठेवा ते, मी करते’ हे शब्द ओठांवर येतात. वर्षानुवर्षे स्वयंपाकघर हीच जिथे बाईच्या हुकमतीची एकमेव जागा होती, तिथे त्याच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नाही. सासूबाईंना तर मुलाच्या हातातले लाटणे पाहवतच नाही. ‘दमून आलाय गं तो,’ त्या म्हणतात. सूनही त्याच गाडीने आलेली असते.

आणि ज्यांच्या बळावर हे सारे चालते त्या मावशींचे काय? घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. पण चार घरची कामे करणाऱ्या बाईला भरपगारी बाळंतपणाची रजा देणारे घर कुठे आहे? पन्नास माणसांचा नियम तिच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण तिचे मालक एकेका दारामागे सुटे-सुटे असतात. तिचे तान्हे मूल तिची नऊ-दहा वर्षांची लेक सांभाळते आणि त्या दिवशी लेकीची शाळा बुडते. आपल्या नोकरीतल्या २६ आठवड्यांसाठी जागरूक असलेल्या बाईने आपल्या घरी येणाऱ्या बाईला दोन महिने भरपगारी दिले, तर तो उपकार ठरू नये.

रात्री पोळीभाजी केंद्राचे फळीवरचे डबे रिकामे होतात, शटर अर्धे खाली येते. दिवसभर पोळ्या लाटलेली बाई हात धुऊन, पदर झटकून निघते. उरल्या असतील तर चार पोळ्या कागदात गुंडाळून ती बरोबर घेते, आणि उरल्या नसतील तर घरी गेल्यावर पुन्हा परात पुढ्यात ओढते.