डोंगा वल्हवणाऱ्यांची खांदेसूज

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो. कोमट पाण्याने धुऊन तूप-हळद चोळतो आणि जुवाखाली कातडी सोलली आहे काय, गाठ धरली आहे काय, हे बोटांनी चाचपून पाहतो. चिखलणी करून थकलेल्या जनावराचा तो मानच आहे. पण त्याच घरातला माणूस चिखलणी, रोवणी आणि त्यानंतर डोंगा अशी सारी कामे करून रात्री कुशीवर निजू शकत नाही, तेव्हा त्याचा खांदा कोणी चाचपत नाही. "काम केले की दुखणारच," एवढ्यावर गोष्ट संपते.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. शेतीखात्याच्या माणसाने धानावरच्या खोडकिडीबद्दल बोलावे, खांद्याबद्दल कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु गेली पंचवीस-तीस वर्षे या नदीकाठच्या गावांतून हिंडताना मी जितकी रोगट बांधी पाहिली, तितकेच कामातून गेलेले हातही पाहिले आहेत. १९८२ साली गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, पण मधली वैनगंगा दोघांचीच राहिली. खाली चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते, पुढे तिचीच प्राणहिता होते. मोठे पूल झाले, तरी जिथे पूल चार-पाच कोसांवर आहे तिथे डोंगाच चालतो. मासळी त्याच्यावर, पलीकडच्या वाडीतला भाजीपाला त्याच्यावर आणि हिवाळ्यात मिरची तोडायला जाणाऱ्या बायाही त्याच्यावर. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ अशाच मिरची तोडणीला निघालेल्या बायांचा डोंगा उलटला आणि काही जणींचा जीव गेला, हे आपण विसरलेलो नाही. वल्हे धरणाऱ्याच्या हातात जोर आहे की नाही, हा त्याच्या एकट्याचा प्रश्न नसतो.

माझ्या ओळखीचे एक ढिवर गृहस्थ आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास. पावसाळ्याचे तीन महिने डोंगा काठावर पालथा होता. पाणी उतरले तसे त्यांनी पहिल्याच दिवशी सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत वल्हे मारले, कारण डोक्यावर जाळ्याचे कर्ज होते. आठवड्याने उजवा खांदा ठणकू लागला. दुकानातली गोळी घेतली, बरे वाटले, पुन्हा वल्हे धरले. दिवाळीपर्यंत सदरा घालताना हात वर जाईना. मग त्यांचा नववीतला पोरगा शाळेऐवजी डोंग्यावर जाऊ लागला. मला ही गोष्ट कळली ती पोराच्या मास्तरांकडून.

पाच वर्षे घरात बसलेल्या बैलाला आपण पहिल्या दिवशी दिवसभर नांगराला जुंपत नाही. जुंपला तर खांदेसूज आलीच म्हणून समजा. माणसाचे स्नायू आणि ते हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांसारख्या कंडरा यांचेही तसेच आहे. स्नायू दोन-तीन आठवड्यांत सरावतो, कंडरेला त्याहून बराच जास्त काळ लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात तास-दोन तास, मग हळूहळू वाढवायचे. कर्ज असले तरी असेच करायचे, कारण खांदा बसला की कर्ज फिटायचेच राहते.

हे दुखणे आपल्या गरिबीचे नाही, वल्ह्याचे आहे. चीनकडे ड्रॅगन बोट नावाची लांब, अरुंद नाव असते. पुढे ड्रॅगनचे तोंड कोरलेले, नावेत दोन-दोनच्या जोडीने वीस माणसे, पुढे ढोल वाजवणारा आणि मागे सुकाणू धरणारा. १९७६ साली हाँगकाँगला परदेशी संघांना बोलावून तिच्या शर्यती झाल्या आणि तिथून तो खेळ जगभर गेला. आपल्याकडे केरळात अलप्पुळा येथे १९५२ पासून नेहरू चषकासाठी सर्पनौका धावतात, एकेका नावेत शंभराच्या आसपास वल्हेकरी. पोटभर खाणाऱ्या, शिक्षक ठेवून सराव करणाऱ्या ड्रॅगन बोटीच्या खेळाडूंनाही खांदा, कंबर आणि मनगट हीच तीन ठिकाणे त्रास देतात. फळीवर घासून बैठक सोलते, ते वेगळेच. त्यांचा प्रत्येक गडी एकाच बाजूला बसून वल्हवतो, म्हणजे एक अंग राबते आणि दुसरे नुसते साथ देते.

आपला डोंगावाला मागे एकटा बसतो आणि बहुधा उजवीकडेच वल्हे मारतो. एका बाजूने मारले की डोंगा वळतो. तो सरळ राहावा म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्ह्याचे पाते पिळावे लागते. तो पीळ मनगटावर आणि खांद्यावर येतो. दिवसातून हजारो वेळा. त्यात वरचा हात कपाळाच्याही वर गेला, तर खांद्याच्या हाडाखालची कंडरा प्रत्येक फटक्याला दाबली जाते. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येणे आणि त्या कुशीवर निजता न येणे, ही तिची पहिली खूण.

उपाय कारखान्यातून आणावा लागत नाही. ठरावीक फटक्यांनी बाजू बदलायची. पहिले काही दिवस डाव्या हाताला अवघड जाते, डोंगा नागमोडी चालतो, लोक हसतात. हसू द्या. वल्हे डोंग्याच्या अगदी जवळ, पुढे पूर्ण बुडवायचे आणि कमरेपर्यंत आले की बाहेर काढायचे. त्याच्या मागे ओढल्याने डोंगा पुढे जात नाही, नुसते पाणी उचलले जाते. ओढताना नुसता दंड वापरू नका, पाय पुढच्या आडव्या फळीला टेकवून धड वळवा. धानाचा भारा उचलताना नुसत्या हाताने उचलता का? तसेच हे. मूठ आवळून धरण्याचीही गरज नसते. अंगठ्याच्या बाजूने मनगट सुजले, किंवा मनगटाच्या वर चार बोटांवर हात ठेवला असता आत करकर जाणवली, तर मूठ फार घट्ट आहे किंवा दांडा फार बारीक आहे असे समजावे.

बैठकीची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तासन्‌तास उकिडवे बसून वल्हवल्याने किंवा निंदण केल्याने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची शीर दाबली जाते. पायाला मुंग्या येतात, पुढे पाऊल उचलेनासे होते आणि चालताना पंजा घासतो. लोक याला वारा गेला म्हणतात. वेळीच बैठक बदलली तर बहुतेकांचे पाऊल पुन्हा सुधारते. म्हणून डोंग्यात वीतभर उंचीची फळी टाकून बसावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने काठाला लागून पाय मोकळे करावेत. रोवणीच्या बायांनीही असेच अधूनमधून बांधावर उभे राहावे. मुकादम रागावेल, पण कमरेचे दुखणे मुकादम वाटून घेत नाही.

आता सोललेल्या कातडीचे. मी स्वतः एकदा हौसेने वल्हे धरले आणि नदीच्या मध्यावर अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात टपोरा फोड घेऊन परत आलो. वल्हे माझ्या हातून काढून घेणारा गडी किती हसला, ते लिहीत नाही. ओली कातडी नरम पडते आणि नरम कातडीचा वरचा पापुद्रा घासाने खालच्यापासून सुटतो, तोच फोड. घाम वाळून राहिलेले मीठ आणि नदीची बारीक वाळू त्याला कानशीसारखी मदत करतात. हातापेक्षा जांघा, काखा आणि बैठक यांचे हाल जास्त होतात, पण लाजेने कोणी सांगत नाही. ओल्या लंगोटाची किंवा चड्डीची शिवण जांघेत घासते आणि रात्रीपर्यंत तिथे लाल रेघ उठते.

निघण्यापूर्वी घासणाऱ्या जागी खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. दांड्याला काचपेपर मारून तो गुळगुळीत करावा. सायकलची ट्यूब गुंडाळायची असेल तर तिची कड तळहाताखाली येऊ देऊ नये. फळीवर पोत्याची कोरडी घडी ठेवावी. परत आल्यावर गोड्या, स्वच्छ पाण्याने अंग धुऊन, कोरडे करून, कोरडे कापड नेसावे. साधा फोड फोडू नये, त्याची कातडी हीच त्याची पट्टी असते. फुटलाच तर साबणाने धुऊन स्वच्छ फडके बांधावे. राख, शेण, रॉकेल यांपैकी काहीही जखमेवर घालू नये. धनुर्वाताची सुई केव्हा घेतली होती, हे आशाताईंना विचारून घ्यावे.

जांघेतला लाल चट्टा गोल होऊन कडेने पसरू लागला व खाजू लागला, तर ते घासणे नव्हे, गजकर्ण होय. दुकानातून मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमे चार दिवस खाज थांबवतात आणि गजकर्ण अधिक चिवट करतात. आज हे आपल्या देशभर झाले आहे. तसेच सोललेल्या कातडीने चिखलात किंवा साचल्या पाण्यात काम केल्यावर थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत कळा आणि लाल डोळे असे झाले, तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय घेऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

गोळ्यांबद्दल एक आठवण देतो. दुखण्यावरची डायक्लोफिनॅक हीच गोळी गुरांना दिली जात असे. मेलेले गुरू खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून २००६ साली गुरांसाठी ती बंद करण्यात आली. माणूस गिधाड नव्हे, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घेता येते. पण उपाशीपोटी, उन्हात घाम गाळून, पाणी न पिता रोज घेतली तर आपल्याही पोटाला आणि मूत्रपिंडांना ती सोडत नाही. शिवाय गोळीने कळ दबते आणि आपण दुखऱ्या खांद्यावरच पुन्हा वल्हे मारतो. ताकदीची म्हणून कोणी सुई देत असेल तर सुईत काय आहे ते आधी विचारा.

नवे दुखणे असेल तर आठवडाभर वल्हे खाली ठेवा. सूज असेल तर गार पाण्याची पट्टी, नुसता आखडला असेल तर शेक. हात गळ्यात बांधून महिनाभर ठेवू नका, खांदा तसाच गोठून बसतो. कमरेतून वाकून हात लोंबता सोडावा आणि घंटेच्या लोलकासारखा हळू हलवावा. दोन आठवड्यांत फरक नाही, बोटे बधिर होतात, हातातली वस्तू गळते, असे असेल तर गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय किंवा चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे जावे. धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम येथे सर्च संस्थेचा दवाखाना आहे, तिथे पाठ-कमरेच्या दुखण्याकडे पुष्कळ वर्षांपासून लक्ष दिले जाते. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा दोन्ही पाय लुळे पडले, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

त्या ढिवर गृहस्थांना मी त्या हिवाळ्यात दवाखान्यात पाठविले. तीन महिने व्यायाम केला, कंटाळा केला, पुन्हा केला. या वर्षी पाणी उतरल्यावर मी त्यांच्याच डोंग्यातून पलीकडे गेलो. फळीवर पोत्याची घडी होती. मध्यावर त्यांनी वल्हे डावीकडे घेतले, डोंगा थोडा तिरपा झाला, तशी काठावरून कोणीतरी ओरडले, "काकाजी, कोणीकडे चालले?" पोरगा शाळेत गेला होता. त्याची परीक्षा मार्चमध्ये आहे.