टेम्पो सुटायच्या आधी

पहाटे ५.३०
शहापूर सोडलं. किन्हवली, सरळगाव, मग टोकावड्याकडे. दिवाळी उलटली तरी खाचरांत पाणी आहे. कापलेल्या भाताची कडपं भिजून त्यांना मोड आलेत.

सकाळी ७.३०
कातकरवाडीत टेम्पो उभा. गोधड्या, टोप, कोंबड्या वर चढताहेत. भिवंडीकडची वीटभट्टी; परत यायचं ते पाऊस लागल्यावर. ही वाट जुनी आहे, सगळा दोष हवामानाला देणं खोटं ठरेल. पण भात आलं तर यंदा राहू म्हणणाऱ्या घरांनीही बयाणा उचललाय. विधी सेवा समितीची स्वयंसेवक म्हणून मी घरोघरचा आकडा वहीत लिहून घेते. उचल फिटेस्तोवर भट्टी सोडू दिली नाही, तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. तेव्हा ही वही कामाला येते.

८.३०
एक पोर सहा महिन्यांची गरोदर. “ताई, भट्टीवर पण मोबाईलला तोंड दाखवायचं का?” जुलै २०२५ पासून टीएचआरसाठी, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी, चेहरा जुळावा लागतो. वाडीत रेंज नाही, म्हणून अंगणवाडी सेविका तिला घेऊन टेकाड चढली. तासाभराने काम करून दोघी उतरल्या. पोटुशी बाईला त्यासाठी चढ चढावा लागला, हे मला पटत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आहार दिला तो ती गरोदर आहे म्हणून. रेंजची अट त्यात नाही. तिला विचारून तिच्या माता-बाल कार्डाचा फोटो काढला.

दुपारी १२.३०
मुरबाड. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ सालीच कायदा झाला, पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. ही माणसं ठाणे जिल्हाही ओलांडत नाहीत. मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये असल्याचं मान्य केलं. तो हक्क कुठल्या टेबलावर मागायचा, हे सांगणारा कायदा अजून झालेला नाही. मी नेहमीचाच अर्ज लिहिते: नाव, वाडी, भट्टीचं ठिकाण, आहार तिथल्या अंगणवाडीत मिळावा.

४.००
भट्टीजवळची सेविका फोनवर सापडली. “कार्ड पाठवा, उद्याच जाते.” पाठवलं.

रात्री ९.००
पोरीच्या नवऱ्याचा फोन. “पोचलो ताई. झोपडी रचतोय.” कच्च्या विटांची, अंधारात.
माझ्या मोबाईलमध्ये त्याच्या बायकोचं वजन, रक्ताचं प्रमाण, सगळं आहे. काम संपलं की माहिती पुसावी, असं २०२३ चा माहिती संरक्षण कायदा सांगतो. सेविका तिला भेटली की पुसेन.