छापील चित्राचें मोल

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत जाणारा रसिक तैलचित्रांपुढें आदरानें उभा राहतो. पण स्वतःच्या घरीं देव्हाऱ्याजवळ टांगलेलें लक्ष्मीचें जुनें छापील चित्र काढून तेथें नवें कॅलेंडर लावतांना त्यास कांहींच वाटत नाहीं. एक चित्र एकुलतें एक, म्हणून अमोल. दुसऱ्याच्या हजारों प्रती निघाल्या, म्हणून कवडीमोल, असा हा हिशेब आहे. तो कितपत खरा, हें पाहणें अगत्याचें आहे.

छापील चित्र म्हणजे नक्कल, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. शिळाछापाचीच गोष्ट घ्या. इ. स. १७९६ च्या सुमारास बव्हेरियांत आलोइस सेनेफेल्डर यानें ही कला शोधून काढली. तिचें बीज साधें आहे : तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहींत. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनें चित्र उलटें काढावयाचें, त्यावर डिंक व तेजाबाचा हलका संस्कार करावयाचा, मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या जागीं शाई धरत नाहीं, रेघांवर मात्र धरते. आणि कागद दाबला कीं चित्र सुलट उमटतें. रंगीत चित्रास प्रत्येक रंगाचा दगड निराळा लागतो. कागद थोडा जरी सरकला, तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर जातो. असें काम साधणारा कारागीर केवळ नकलनवीस खास नव्हे.

महाराष्ट्रानें ही कला लवकर आपलीशी केली. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं १८७८ सालीं पुण्यास चित्रशाळा काढली. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं मुंबईस छापखाना घातला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तज्ज्ञाच्या मालकीचा झाला. राजवाड्यांत शोभणारीं चित्रें त्यामुळें कारकुनाच्या खोलींत आलीं. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनीं आपल्या मूकपटांचीं भित्तिपत्रकें स्वतः रंगविलीं. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचें भित्तिपत्रक हें आज उपलब्ध असलेल्या भारतीय सचित्र भित्तिपत्रकांत सर्वांत जुनें मानतात.

परंतु जी वस्तु सर्वांच्या घरीं असते, ती जपण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाहीं. भिंतीवर डकवलेलें पत्रक पावसानें जातें. देवाचें चित्र विटलें कीं तें नदींत सोडतात. मळवलीच्या छापखान्यालाही १९७२ सालीं आग लागून पुष्कळ ठेवा नष्ट झाला. याउलट बाल्टिक समुद्रकांठच्या लॅटव्हिया या लहानशा देशाचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. १९१८ सालीं स्वातंत्र्य पुकारल्यावर तेथें तिकिटें छापण्यास कागद मिळेना. तेव्हां जर्मन सैन्याच्या लष्करी नकाशांच्या कोऱ्या पाठीवर पहिलें टपालतिकीट छापण्यांत आलें. आज संग्राहक त्या तिकिटाची मागची बाजूही पुढच्या बाजूइतक्याच आवडीनें न्याहाळतात. कागदाचा एवढासा तुकडा जपला गेला, म्हणून एका राष्ट्राच्या जन्मकाळची ओढाताण तो सांगूं शकतो.

संग्रहालयांनीं छापील चित्रांचीं प्रदर्शनें भरवावीं, हें योग्यच. पण तीं चित्रें त्यांना पुष्कळदां गृहस्थांच्या माळ्यावरूनच मिळावयाचीं आहेत. यासाठीं घरच्या घरीं थोडी काळजी घेतां येईल. चौकटींत बसविण्यासाठीं चित्राखालची पट्टी कापूं नये. छापखान्याचें नांव व गांव बहुधा तेथेंच असतें. चित्र उन्हांत किंवा ओलसर भिंतीवर टांगूं नये. तें कांचेला चिकटलें असल्यास ओढून सोडवूं नये, जाणकारास दाखवावें. आणि घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना विचारून, चित्र कोणीं, केव्हां व कोठून आणलें, हें एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावें. एवढें केलें, तर संग्रहालयास नुसतें चित्रच नव्हे, त्याची हकीकतही मिळेल.