विजेरी पार्किंग ब्रेक : भरवसा किती व निगा कशी

गेल्या गळीत हंगामात एका साखर कारखान्याच्या आवारात घडलेला प्रसंग प्रथम सांगितला पाहिजे. वजनकाट्याची रांग किंचित चढावर लागलेली होती. उसाने भरलेली ट्रॉली जोडलेला एक ट्रॅक्टर रांगेत बंद करून चालक चहास गेला होता. ट्रॉलीच्या मागील चाकाजवळ जी सावली पडली होती, तीत तोडणी कामगारांपैकी एका बाईने आपले तान्हे मूल गोधडीवर निजविले होते. मी काट्याजवळ उभा होतो. कोणी हात लावलेला नसता ट्रॉली मागे सरकली. फार नव्हे, वीतभरच. बाईचे लक्ष होते म्हणून तिने मूल ओढून घेतले व दोघांनी धावत जाऊन चाकाखाली दगड घातले. चालक आला तो घाबरून गेलेला. किल्ली फिरवून त्याने मला तांबडा दिवा दाखविला व म्हणाला, "साहेब, बटन दाबलेलं होतं, गिअरही टाकलेला होता. दिवा अजून लागलेला आहे, बघा."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बटन दाबलेले होते, दिवा लागलेला होता व गिअरही पडलेला होता. तरीही गाडी सरकली. हे कसे घडले, ते समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडील बहुसंख्य ट्रॅक्टरांना आजही हाताने ओढावयाचा दांडा किंवा ब्रेकचे पायटे खिटीत अडकविण्याची सोय असते. परंतु मोठे ट्रॅक्टर, कापणीयंत्रे आणि चिखलपाण्यातून जाणाऱ्या जीपसारख्या गाड्या यांत आता बटनाने लागणारा विजेरी ब्रेक येऊ लागला आहे. मोटारगाड्यांत ही योजना २००१ च्या सुमारास आली व रानावनातून चालविण्याच्या गाड्यांत ती लवकरच पसरली. २००४ साली बाजारात आलेल्या लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ या गाडीस ती होती. हाताचा जोर लागत नाही, चालक विसरला तरी पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद करताच ब्रेक आपोआप लागतो, हे तिचे गुण निर्विवाद आहेत. तक्रार यंत्राविषयी नसून बटन म्हणजेच ब्रेक असे मानण्याच्या आपल्या सवयीविषयी आहे.

वास्तविक बटन हा केवळ हुकूम होय. तो हुकूम तारांतून नियंत्रक पेटीकडे जातो, पेटी एका लहानशा मोटारीस वीज देते, आणि चाकास धरून ठेवण्याचे काम पूर्वीप्रमाणेच लायनर व ड्रम किंवा पॅड व डिस्क यांनाच करावे लागते. या मोटारी दोन तऱ्हांनी बसविलेल्या असतात. काही गाड्यांत एकच मोटार दोन केबली ओढते व त्या मागील चाकांतील ब्रेक शू फाकवितात. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक मागील कॅलिपरवर एकेक मोटार असून ती दंतचक्रांच्या साहाय्याने आटे असलेला दांडा फिरविते व पॅड डिस्कवर दाबते. या दांड्याचे आटे असे असतात की एकदा दाब बसला म्हणजे वीज बंद केली तरी तो उलट फिरत नाही. म्हणून रात्रीतून बॅटरी उतरली तर लागलेला ब्रेक सुटेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. सकाळी तो सोडविता येणार नाही, हा मात्र खरा त्रास होय. आणि ब्रेक लावण्यापूर्वीच बॅटरी गेली, तर तो लागणारच नाही.

मोठ्या ट्रॅक्टरांत व अवजड यंत्रांत याहून निराळी, आणि माझ्या मते शेतीकामास अधिक योग्य अशी एक रचना आढळते. तीत बळकट स्प्रिंग ब्रेक लावून धरते व तेलाचा दाब तो सोडवितो; बटन केवळ तेलाची वाट उघडते अगर बंद करते. इंजिन बंद पडले, तेलाची नळी फुटली किंवा वीज गेली, तर दाब नाहीसा होऊन ब्रेक आपोआप लागतो. म्हणून आपल्या यंत्राविषयी विक्रेत्यास पहिला प्रश्न हाच विचारावा की, वीज किंवा दाब गेला असता हा ब्रेक लागतो, सुटतो, की होता तसाच राहतो? याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही त्याच्याकडून ट्रॅक्टर घेण्याची घाई करू नये. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालांत पार्किंग ब्रेकचीही नोंद असते, तीही पाहावी.

आता त्या वजनकाट्याजवळच्या ट्रॅक्टराकडे वळू. त्याच्या मागील आसाचे ऑइल सील गळत होते व पार्किंग ब्रेकचे लायनर तेलाने भिजले होते. मोटारीने आपला दाब पूर्ण दिला, तो पूर्ण झाल्याचे पेटीस कळले आणि तिने दिवा लावला. लायनर तेलकट आहे हे पेटीस कळण्याचा काही मार्गच नव्हता. दिवा मोटारीची हकिकत सांगतो, चाकाची नव्हे. गिअरचे कारण याहून सूक्ष्म आहे. साध्या ट्रॅक्टरास गिअरमध्ये ठेवून बंद केले तर इंजिनाचा अटकाव चाकांना मिळतो. परंतु क्लच न दाबता पुढे-मागे नेण्याची ज्यांत सोय असते, अशा पुष्कळ ट्रॅक्टरांत आतील क्लच तेलाच्या दाबानेच धरला जातो. इंजिन बंद झाले की तो क्लच सुटतो व गिअर टाकलेला असूनही चाके मोकळी होतात. जुन्या ट्रॅक्टरावरून नव्यावर बसलेल्या चालकास हे कोणी सांगितलेलेच नसते.

शिवाय ओझ्याचाही विचार झाला पाहिजे. युरोपातील नियमांप्रमाणे ट्रॅक्टराच्या पार्किंग ब्रेकने एकट्या ट्रॅक्टरास १८ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटर अंतरात १८ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, रोखून धरले पाहिजे. ट्रॉली जोडली असता ही अपेक्षा १२ टक्क्यांवर येते. ट्रॅक्टर २ टन व भरलेली ट्रॉली ८ टन धरली तर १२ टक्के चढावर सुमारे १२०० किलोची ओढ मागे असते व ती सर्व ट्रॅक्टराच्या मागील दोन चाकांनी सोसावयाची असते, कारण आपल्या पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. ट्रॉलीत नियमापेक्षा अधिक ऊस घातला म्हणजे या हिशोबाचे काय होते, ते वाचकांनी स्वतःच मांडून पाहावे.

चिखल, पाणी आणि गंज

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात भाताच्या प्रात्यक्षिक प्लॉटांची पाहणी करण्यासाठी आम्ही मावळच्या बाजूस अशाच एका जीपसारख्या गाडीने हिंडत होतो. बांधावरून व ओढ्यातून गाडी नेली व तशीच विश्रामगृहापुढे उभी केली. इंजिन बंद करताच ब्रेक आपोआप लागला. तीन दिवस गाडी हलली नाही. चौथ्या दिवशी बटनाने ब्रेक सोडला, दिवा विझला, पण मागील डावे चाक फिरेना. चालकाने जोर करून पाहिला तेव्हा करकर असा आवाज आला. ड्रम उघडल्यावर शू व ड्रम यांच्यामध्ये सिमेंटप्रमाणे घट्ट झालेला चिखल व त्यावर गंज आढळला. चूक आमची होती. गाडी धुवावयास हवी होती.

ज्या गाड्यांत डिस्कच्या मधोमध लहान ड्रम बसवून त्यात पार्किंग ब्रेक ठेवलेला असतो, त्यांना हा दोष विशेषकरून जडतो. या ब्रेकचे शू गाडी चालू असता क्वचितच घासले जातात. म्हणून त्यांत शिरलेली वाळू व चिखल आपोआप निघून जात नाही. शू झिजून किंवा गाळ बसून अंतर वाढले की मोटारीस केबल अधिक लांब ओढावी लागते. करकरणारा आवाज ही पहिली सूचना होय. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास मोटार व दंतचक्रे बिघडतात आणि दुरुस्तीचा खर्च पुष्कळ वाढतो.

म्हणून चिखलातून आल्यावर चाकांच्या आतील बाजू साध्या पाण्याने सावकाश धुवाव्यात. फवाऱ्याच्या यंत्राचा जोराचा झोत मोटारीवर व तारांच्या जोडांवर मारू नये. पाणी जोडात शिरले की पितळी टोके हिरवी पडतात व वीज अडखळते. धुतल्यानंतर गाडी थोडी चालवून पायाचा ब्रेक हलकेच तीन-चार वेळा लावावा म्हणजे डिस्क कोरडी होते. पार्किंग ब्रेकचे ड्रम वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, उघडून साफ करवून घ्यावे व शूचे अंतर जुळवून घ्यावे. गाडी पुष्कळ दिवस उभी राहावयाची असल्यास सपाट जमिनीवर ठेवावी, चाकांना दोन्ही बाजूंनी अडथळा द्यावा व ब्रेक सोडून ठेवावा. ब्रेक आपोआप लागू न देण्याची रीत प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेली असते. ते पुस्तक बहुधा पेटीत गुंडाळलेलेच राहते.

विजेची बाजू

विजेरी ब्रेकच्या तक्रारींत बॅटरीचा दोष नेहमी प्रथम तपासावा. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीच्या वेळी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ च्या खाली आली तर ती अर्ध्याहून अधिक उतरली असे समजावे. इंजिन चालू असता सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावयास हवेत. व्होल्ट कमी पडले म्हणजे नियंत्रक पेटी गोंधळते, दोषाचे दिवे लावते, आणि चांगली मोटार बदलण्याचा सल्ला देणारे कारागीरही भेटतात! टर्मिनले घासून स्वच्छ करावीत, घट्ट आवळावीत आणि इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी जाड तार गंजलेली नाही हे पाहावे. गोठ्यालगत उभ्या केलेल्या ट्रॅक्टरांच्या तारा उंदीर कुरतडतात. भुसा व पेंढीची पोती तेथून दूर ठेवणे हाच त्यावर सोपा इलाज आहे.

ट्रॅक्टरावर किंवा त्यास जोडलेल्या ट्रॉलीच्या हुकावर वेल्डिंग करावयाचे असल्यास प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी व ट्रॉली वेगळी करावी. वेल्डिंगचा प्रवाह पेटीतून गेला तर ती जळू शकते, आणि गावातील वेल्डरास याची कल्पना असेलच असे नाही. पॅड बदलण्याचे काम असल्यास ब्रेक दुरुस्तीच्या स्थितीत आणल्याशिवाय शिकंजा लावून पिस्टन मागे रेटू नये. मोटारीचा आटे असलेला दांडा व दंतचक्रे त्याने मोडतात. पॅड काढलेले असता कोणी चुकून बटन दाबू नये म्हणून किल्ली काढून खिशात ठेवावी. बोटे चिरडण्याचाही संभव असतो.

घाट उतरून आल्यावर डिस्क तापलेली असते. अशा वेळी ब्रेक लावून गाडी उभी केली की डिस्क निवताना आकसते व पॅडचा दाब थोडा कमी होतो. काही गाड्या हे ओळखून काही मिनिटांनी पुन्हा दाब देतात, सर्वच देत नाहीत. उतरावर तापल्या गाडीस केवळ बटनाच्या भरवशावर सोडू नये.

ब्रेक सुटत नसेल तर प्रथम चाकांना दोन्ही बाजूंनी अडथळा द्यावा, मगच बॅटरी तपासावी किंवा दुसऱ्या बॅटरीचा आधार द्यावा. काही गाड्यांत हाताने ब्रेक सोडविण्याची केबल किंवा खिळ असते. स्प्रिंगच्या ब्रेकला त्यासाठी स्क्रू किंवा हातपंप असतो. तो कोठे आहे हे रात्री पावसात शोधण्यापेक्षा आधीच चालकास दाखवून ठेवावे. ब्रेक न सोडता गाडी ओढून नेऊ नये. त्याने टायर व आतील चकत्या दोन्ही जातात.

ब्रेकची परीक्षा आठवड्यातून एकदा घ्यावी. मागे-पुढे कोणी नाही असे पाहून सौम्य चढावर गाडी उभी करावी, ब्रेक लावून पायटा हळूहळू सोडावा, आणि पाय पायट्यावर तयार ठेवून गाडी सरकते का ते पाहावे. ज्यांच्या ट्रॅक्टरास जुना खिटीचा ब्रेक आहे, त्यांनी खिटी लावण्यापूर्वी दोन्ही पायटे जोडलेले आहेत याची खात्री करावी. शेतात वळण घेण्यासाठी ते सुटे केलेले असतात. एकाच चाकास ब्रेक लागला तर दुसरे चाक मोकळे राहून ट्रॅक्टर जागच्या जागी फिरू शकतो.

वजनकाट्याजवळच्या त्या ट्रॅक्टराचे सील व लायनर दुसऱ्या आठवड्यात बदलले गेले. मालकाने बाभळीचे दोन तिरपे ठोकळेही करून घेतले. ठोकळा उताराच्या बाजूस, चाकास घट्ट चिकटवून लावावा आणि दोरीने ट्रॉलीस बांधूनच ठेवावा; नाही तर तो पहिल्याच खेपेस उसाच्या फडात राहतो.