पहिलं गिऱ्हाईक परत यायला हवं

गटानं चटणी-पापड करायला घेतले की प्रश्न येतो, जाहिरात कशी करायची? आणि कर्जाच्या पैशातला पहिला खर्च बहुतेक वेळा फ्लेक्सवर किंवा छापील पिशव्यांवर होतो. छापील पिशव्या एकदम मोठ्या संख्येनं घ्याव्या लागतात. पुढं भाव नाहीतर वजन बदललं की त्या माळ्यावर जातात, हप्ता मात्र चालूच राहतो.

लिज्जत पापडाची सुरुवात बघा. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. ती ओळखीच्या एका व्यापाऱ्याला विकली. तुटलेले पापड शेजारीपाजारी वाटले. सुरुवातीला त्या स्वस्तातला दुय्यम पापडही करत होत्या, पण एकच चांगला माल करा, असा सल्ला त्यांना मिळाला आणि तो त्यांनी पाळला. नाव झालं ते एकीनं दुसरीला सांगून.

आपणही चवीपासूनच सुरुवात करू. समजा, शेंगदाणा चटणीचं पाव किलोचं पाकीट माल, गॅस, पिशवी आणि आपली मजुरी धरून ७० रुपयांना पडतं. (मजुरी धरायचीच. घरचं काम म्हणून ती सोडली तर हिशोबच खोटा.) म्हणजे एक किलो २८० रुपयांना पडली. त्यात २० ग्रॅमच्या ५० पुड्या होतात, एक पुडी सहा रुपयांच्या आत. पण पुड्या बाजारात दिसेल त्याला वाटू नका. अंगणवाडीताई, शाळेतले गुरुजी, दूध संकलन केंद्रावर येणाऱ्या बायका, पिठाची गिरणीवाला, अशांना द्या. त्यांच्याकडे रोज दहा माणसं येतात. आणि चार दिवसांनी जाऊन विचारा, तिखट झाली का, मीठ कसं होतं?

भाव कमी करणं म्हणजे जाहिरात, असं पुष्कळजणींना वाटतं. तेच पाकीट १०० रुपयांना विकलं तर ३० रुपये सुटतात. दहा रुपये सूट दिली की उरतात २०. आधी २० पाकिटांत जे ६०० रुपये मिळत होते, त्यासाठी आता ३० पाकिटं कुटायची. शिवाय एकदा उतरवलेला भाव पुन्हा चढवताना तोंड चोरावं लागतं. त्यापेक्षा दोन पाकिटं घेणारीला नव्या लसूण चटणीची एक पुडी द्या. उधारीचंही तसंच. उधारीवर नेणारी पैसे थकले की आपलं दार टाळते. माल गेला आणि गिऱ्हाईकही गेलं.

एक वही घाला. कोणी काय नेलं, कधी नेलं, घरात माणसं किती. पाव किलो चटणी एखाद्या घरी तीन आठवडे पुरत असेल, तर अठराव्या-विसाव्या दिवशी फोन करा, “काकू, चटणी संपत आली असेल, शुक्रवारी ताजी करतोय, ठेवू का?” या एका फोनचा उपयोग भिंतीवरच्या फ्लेक्सपेक्षा जास्त होतो, असं माझं मत आहे.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एक बारीक गोष्ट. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला निरोप, ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोचतो. म्हणून पाकीट देतानाच सांगा, “माझा नंबर ‘चटणीवाल्या ताई’ म्हणून टाकून ठेवा.” गावाच्या ग्रुपवर रोज सकाळी फोटो टाकू नका, लोक बघेनासे होतात. आठवड्यातून एकदा, ताजा माल झाला त्या दिवशी, उजेडात काढलेला एकच फोटो आणि खाली भाव पुरे.

लेबल साध्या कागदावर झेरॉक्स केलेलं चालतं. एका कागदात बारा-सोळा बसतात. पण त्यावर गटाचं नाव-पत्ता, काय काय घातलं आहे, वजन, किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, फोन नंबर आणि अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर असू द्या. नंबर अजून काढला नसेल तर आधी ते काम करा. तालुक्याच्या उमेद कार्यालयात चौकशी करता येईल.

येत्या आठवडी बाजाराआधी एक किलोच्या पुड्या बांधा आणि त्या ५० कुणाला द्यायच्या, ती नावं गटाच्या बैठकीत बसून लिहून काढा.