पायाच्या नखांची निगा

थंडी सुरू झाली की आपले पाय चार-पाच महिने मोज्या-बुटांत बंद होतात. भारतातून आलेल्या, चपलांची सवय असलेल्या आई-वडिलांनाही दिवसभर बूट घालावे लागतात. अशा वेळी अंगठ्याचे नख बाजूच्या मांसात रुतण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो.

याचे एक मुख्य कारण म्हणजे नखे कापण्याची पद्धत. हाताच्या नखांप्रमाणे पायाचीही आपण गोल कापतो, कोपरे कोरून काढतो. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यावर बाजूची त्वचा चढते, घट्ट बूट ती दाबून धरतो आणि वाढणारे नख तिच्यात घुसते. पायाचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटरच वाढते. त्यामुळे ठणका लागतो तो काही आठवड्यांनी, आणि खरे कारण ध्यानात येत नाही.

पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. आंघोळीनंतर नखे मऊ असतात, तेव्हा कापावीत.
२. नख सरळ रेषेत, बोटाच्या टोकाइतके ठेवून कापावे. कोपरे दिसले पाहिजेत. टोचत असल्यास कानशीने हलकेच घासावेत.
३. नख ओढून तोडू नये.
४. बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना घ्यावेत. बोटांपुढे साधारण अर्धा इंच जागा हवी.

दुखू लागल्यास दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवून नीट कोरडा करावा व सैल पादत्राणे वापरावीत. लाली पसरली, पू झाला किंवा काही दिवसांत आराम पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. ते बोट बधिर करून नखाची रुतलेली कड काढतात.

मधुमेह असणाऱ्यांनी मात्र घरगुती उपाय करू नयेत. पायाची संवेदना कमी झाल्याने जखम कळत नाही आणि ती चिघळते. त्यांनी रोज पाय पाहावेत. नखे कोणी कापावीत हेही डॉक्टरांना विचारावे. पाहुण्या आई-वडिलांच्या प्रवासी विम्यातून जुन्या आजारांचा खर्च बहुधा वगळलेला असतो, तेव्हा पॉलिसी आधीच वाचून ठेवावी.

आई-बाबांना वाकता येत नसेल, नीट दिसत नसेल, तर ते आपणहून सांगतीलच असे नाही. रविवारी त्यांच्या आंघोळीनंतर आपणच नेलकटर घेऊन बसावे. लहानपणी आपली नखे त्यांनीच कापली होती!